घड्याळ विधेयकावरची माझी सत्तेचाळीस भाषणं

सोमवार, २ जून

संसदेचं अधिवेशन टाइमटेबलप्रमाणे १३ जूनला, शुक्रवारी संपणार. सोल्वेइगचं लग्न २१ ला, शनिवारी, दुपारी दोन वाजता, ग्रासेय बेटावर, आमच्याच चर्चमध्ये. म्हणजे मधे अख्खा आठवडा. त्या आठवड्यात घराच्या पुढच्या भिंतीला रंग देणार, वधूपित्याचं भाषण पाठ करणार आणि चार किलो वजन उतरवणार. लग्नाच्या जाकिटाची वरची दोन बटणं आत्ताच लागतात. राहिली फक्त खालची दोन.

आजपासून तळलेल्या गोड क्लेइना बंद. कॅन्टीनच्या बिर्नाला तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, 'बरं झालं, आज पीठ कमीच भिजवलंय.' चहाच्या वेळी एक खाल्ली, पण ती कालच्या पिठाची होती.

संध्याकाळी पक्षाची बैठक. सरकारला देशाचं घड्याळ कायमचं एक तास मागे न्यायचं आहे. आम्ही किनारा पक्षवाले विरोधात, कारण आमच्या मतदाराला संध्याकाळचा उजेड हवा. दुसऱ्या वाचनात सदस्याला पाच-पाच मिनिटांची भाषणं कितीही वेळा करता येतात. वक्त्यांच्या बोर्डावर एक जरी नाव असलं तरी चर्चा बंद होत नाही, आणि ती बंद होत नाही तोवर सरकारची बाकीची बिलं मागे रांगेत उभी. मग सरकार नाक मुठीत धरून तडजोडीला येतं. दर जूनमध्ये हेच.

मी म्हणालो, ही मोहीम माझ्यावर सोपवा. गटनेती वाल्गेर्दनं (वय अडतीस, राजकारणात काल आलेली) तत्काळ सोपवली. क्षणाचाही विचार केला नाही. याला म्हणतात विश्वास.

बुधवार, ४ जून

मोहीम सुरू. आज चार भाषणं. चौथ्यात सूर्य, चंद्र आणि भरती-ओहोटी यांचा संबंध लावला. अध्यक्षबाई स्टेइनुन लक्षपूर्वक ऐकत होत्या. डोळे मिटून.

यंदा सोडतीत माझी जागा खिडकीशी आली आहे. बाहेर हिरवळीवर लोक उन्हात आडवे पडून आइस्क्रीम खातात. वर्षात असे दहा दिवस मिळतात, ते सगळे नेमके आपण सभागृहात असतानाच. पडदा ओढायला सांगितलं तर शिपाई म्हणाला, पडदे धुलाईला गेलेत.

दुपारी हुग्रूनचा मेसेज. 'थोरग्रीमुर, अधिवेशन लांबणार असं दिसतंय. तू खुशाल लग्नाला जा रे. दोन आठवडे तुझी खुर्ची मी उबवते.'

उबवते! म्हणजे बसूनच राहायचा बेत.

या बाईबद्दल लिहून ठेवलं पाहिजे. हुग्रून ग्रासेयच्या शाळेत शिकवते, सोल्वेइगलाही तिनंच शिकवलं. आमच्या यादीत माझ्याखालचं नाव तिचं. मी रजेवर गेलो की कायद्यानं माझ्या जागी ती येऊन बसते. तीन वर्षांपूर्वी मला मूतखडा झाला, तेव्हा आली होती. दोन आठवड्यांत तिनं दोन भाषणं केली आणि दोन्ही पेपरात छापून आली. मी इथं अकरा वर्षं आहे. माझा फोटो एकदाच छापून आला, तोही दुसऱ्या कुणाच्या तरी मागे. परत आलो तर लोक मला विचारत होते, हुग्रून कशी आहे. तेव्हापासून रजा नाही. दाढ काढली तीसुद्धा जेवणाच्या सुट्टीत.

म्हणून यंदा खबरदारी घेतली आहे. वाल्गेर्दला सांगितलं की मुलीचं लग्न ऑगस्टमध्ये आहे. नाहीतर ती लगेच म्हणणार, जा, हुग्रूनला बोलावते. आणि हुग्रूनला आणि घरी सांगितलं की पक्ष रजा देत नाही. दोन लहान थापा. दोन्ही देशासाठी.

रविवार, ८ जून

बायकोचा, ओद्नीचा, बेटावरून फोन. म्हणाली, 'पक्षात तुझ्यावाचून एवढं काय अडलंय? मी बोलू का त्या वाल्गेर्दशी?' तिला म्हणालो की गटनेतीशी सदस्यांच्या बायकांनी बोलायचा रिवाज नाही. ती म्हणाली, 'तुमचे रिवाज घाला चुलीत. लेकीच्या लग्नाला बाप हवा, एवढा एक रिवाज मला माहीत आहे.'

मी तिला शब्द दिला की शुक्रवारी अधिवेशन संपतंच. ते माझ्याच हातात आहे.

वजन: अर्धा किलो वाढलं. काटा जुना आहे.

गुरुवार, १२ जून

भाषणं आजअखेर एकवीस. हाताशी मुद्दे भरपूर आहेत. आज गाईंवर बोललो. गाईंना घड्याळ कळत नाही, हा मुद्दा आजवर कुणीही मांडला नव्हता. सरकार पक्षातून एक जण उठून म्हणाला, मग गाईंना फरक काय पडतो? उत्तर द्यायला माझ्याकडे वेळ उरला नव्हता.

शुक्रवार, १३ जून

अधिवेशन संपलं नाही. हे मी आधीच ओळखलं होतं. सरकार घाबरलंय, पण अजून वाकलं नाही. आता तारीखच नाही. 'काम संपेपर्यंत' म्हणे. नवा हिशेब असा: १७ ला राष्ट्रीय दिवस, त्याच्या आत सरकारला तडजोड करावीच लागेल. १८ ला घोडं गंगेत न्हालेलं असेल, १९ ला मी बेटावर. रंग राहू दे. भिंत तशी बरी आहे.

ओद्नीला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि फोन टेबलावर ठेवला. मग सोल्वेइगनं फोन घेतला. 'बाबा, तू येशील ना?' मी म्हणालो, 'प्रश्नच नाही.' ती म्हणाली, 'बाबा, खरं सांग हं. नाही जमणार तर आधी सांग. मी रुसणार नाही. फक्त दाराशी उभं राहून वाट बघायची वेळ आणू नकोस.' अठ्ठावीस वर्षांची झाली तरी पोर हळवीच.

फोन ठेवल्यावर वाल्गेर्दच्या खोलीपर्यंत गेलो. दार उघडंच होतं. सगळं खरं सांगून टाकावं, असं वाटलं. तेवढ्यात तिच्या भिंतीवर तीन वर्षांपूर्वीचा गटाचा फोटो दिसला. त्यात मधोमध हुग्रून. परत फिरलो.

सोमवार, १६ जून

सकाळी साडेआठ. वाल्गेर्द आणि सरकारपक्षाचा गटनेता जिन्यात भेटले. दोघांचे केस ओले, दोघांच्या हातात टॉवेल, आणि दोघं कसल्यातरी गोष्टीवर हसत होते. इथं देशाचं घड्याळ पणाला लागलंय आणि आमच्या गटनेतीला सकाळी उठून पोहायला सुचतं. ही पिढीच अशी.

आज बोर्डावर आमच्याकडून माझं एकट्याचंच नाव. बाकीचे थकले. वाल्गेर्द म्हणाली, 'तू चालू ठेव, थोरग्रीमुर. तुझ्याइतकं कुणाला जमणार आहे?' हे तिनं सर्वांदेखत म्हटलं. मी सहा वेळा बोललो.

जेवायला मासे-बटाट्याचं कालवण. बिर्नाला सहज विचारलं, पुढच्या आठवड्याला काय बेत? ती म्हणाली, 'पुढच्या आठवड्याचे मासेच नाही मागवले. शनिवारी दुपारचा स्वयंपाक करून मी चालले बहिणीकडे.' मी हसलो. आचारीणबाईला राजकारण काय कळणार! तिला म्हटलं, अजून महिनाभर तरी मासे लागतील. तिनं माझ्या ताटात एक डाव जास्त वाढला आणि म्हणाली, 'तू खा हो पोटभर.'

मंगळवार, १७ जून

राष्ट्रीय दिवस. सभागृहाला सुट्टी. आज सकाळच्या बोटीनं बेटावर जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं. पण उद्याच्या भाषणांची तयारी कोण करणार? दिवसभर खोलीत बसून पर्शियातल्या जलघड्याळांची माहिती काढली. खालून बँड गेला. लोक 'ओ थोरग्रीमुर' म्हणून हाक मारतात की काय असं वाटून खिडकीत गेलो. कुणी नव्हतं.

माझं जाकीट शनिवारच्याच बोटीनं बेटावर पाठवलं होतं. ओद्नीनं तिथं शिवणाऱ्या बाईकडून दोन बटणं सरकवून घेतली म्हणे. चला, वजनाचा प्रश्न सुटला. क्लेइना पुन्हा सुरू.

बुधवार, १८ जून

हुग्रूनचा तिसरा मेसेज. 'शेवटचं विचारते. आज कळवलंस तर मी उद्याच्या बोटीनं निघते आणि तू येणाऱ्या बोटीनं ये. मी लग्नाला नसले तरी चालेल, तू असायलाच हवास.'

मी लिहिलं, पक्ष सोडत नाही, माझा नाइलाज आहे.

अर्ध्या तासानं उत्तर: 'बरं. मग मी लग्नालाच जाते.'

हरली! तीन वर्षांनी एक काटा निघाला. त्या आनंदात तीन भाषणं केली, तिन्ही उत्तम. पर्शियातली जलघड्याळं संपली.

गुरुवार, १९ जून

अजून तडजोड नाही. वाल्गेर्दला विचारलं, ती म्हणाली, 'चालू आहे.' तिच्या नाकावरची कातडी उन्हानं सोललेली होती.

दुपारी चारला मला मुद्दा सुचेना. व्यासपीठावर उभा, समोर कुणी नाही, फक्त अध्यक्षबाई. खिशात हात घातला तर वधूपित्याचं भाषण हाताला लागलं. पाच मिनिटं तर काढायची होती. म्हणालो, 'सन्माननीय अध्यक्ष, वेळेचं महत्त्व एका बापाच्या उदाहरणानं सांगतो,' आणि वाचायला लागलो.

सोल्वेइग जन्मली त्या पहाटे वादळ होतं आणि डॉक्टरला आणायला मी स्वतः होडी वल्हवली, हा भाग छान झाला. ती पोहायला शिकली, तो भागही. मग ती सतरा वर्षांची झाली आणि मी निवडून राजधानीला आलो. तिच्या शाळेच्या शेवटच्या दिवशी मी मत्स्योद्योग समितीत होतो. ती परदेशी शिकायला निघाली तेव्हा बंदर समितीत. तिनं होणाऱ्या नवऱ्याला, माग्नीला, पहिल्यांदा घरी आणलं त्या रविवारी उपसमितीची तातडीची बैठक होती. लिहिताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मोठ्यानं वाचल्यावर प्रत्येक परिच्छेदात एक समिती निघायला लागली. पाणी प्यायलो. तेवढ्यात पाच मिनिटांची घंटा झाली.

खाली उतरलो तर स्टेइनुननं जवळ बोलावलं. विरुद्ध पक्षाची बाई, पण हळूच म्हणाली, 'कधी आहे रे लग्न?'

तोंडात खरं उत्तर आलं होतं. अगदी ओठांपर्यंत. पण हिला सांगितलं की वाल्गेर्दला कळणार, वाल्गेर्दला कळलं की मी तीन आठवडे थापा मारतोय हे कळणार, आणि तेच ओद्नीलाही कळणार. म्हणालो, 'ऑगस्टमध्ये.'

'मग आहे वेळ,' ती म्हणाली. 'तोवर त्या समित्या काढून टाक त्यातून.'

समित्या काढल्यावर भाषण पाव पान उरलं.

शुक्रवार, २० जून

सकाळपासून डोकं दुखतंय. शेवटचा हिशेब पक्का: उद्या सकाळी नऊची बोट. राजधानीतून सहाला निघायचं. चर्चमध्ये अकरालाच. म्हणजे तीन तास शिल्लक, अगदी आरामात.

संध्याकाळी पाच. गटाची बैठक. वाल्गेर्द म्हणाली, 'उद्या दहापासून साडेबारापर्यंत कुणीतरी किल्ला लढवायला हवा. मग मतदान.' सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मीही बघत होतो. माझे बूट पॉलिशला आले आहेत.

ती माझ्याकडे वळली. 'थोरग्रीमुर, तू फार दमलेला दिसतोस. तू आजपासून रजा घे बरं. हुग्रूनला फोन करते, ती आज संध्याकाळच्या बोटीनं सहज येईल.'

दार सताड उघडं होतं. मला फक्त 'बरं' म्हणायचं होतं. एवढा एक शब्द. पण माझ्या डोळ्यांसमोर उद्याचा पेपर आला: अधिवेशनाची सांगता, ऐतिहासिक तडजोड, आणि फोटोत मधोमध कोण, तर ती. तीन आठवडे मी घसा कोरडा करायचा आणि शेवटच्या दिवशी हिनं येऊन लोणी खायचं?

'मी बोलतो उद्या,' मी म्हणालो.

टाळ्या झाल्या. मोजून सहा जणांनी वाजवल्या.

संध्याकाळी सात. नवा हिशेब. साडेबाराला भाषण संपलं की थेट गाडीत. बंदरावर अडीचपर्यंत पोचेन. आमच्या शेजारच्या ऑडबर्गची वेगवान होडी आहे, तो न्यायला येईल, वीस मिनिटं. लग्न तासभर पुढे ढकललं तर सगळं बसतं. कुठलं लग्न वेळेवर लागतं? ओद्नीला फोन केला. म्हणाली, 'पाद्रीबाईंना चारला दुसऱ्या बेटावर अंत्यविधी आहे. मेलेला माणूस वेळेवर तयार झालाय, तू जिवंत असून होत नाहीस.' आणि फोन ठेवला.

तरी ती ढकलेल. ओळखतो मी तिला.

शनिवार, २१ जून

सकाळी नऊ. बोट सुटली असेल. ऊन कडक आहे.

दुपारी १२.४०. आठ भाषणं केली, म्हणजे एकूण सत्तेचाळीस. या अधिवेशनातला विक्रम. मधे मधे आमचाच एक सहकारी 'सदस्यांनी अधिक खुलासा करावा' म्हणून दहा-दहा मिनिटं प्रश्न विचारायचा आणि मी पुन्हा वर चढायचो. साडेबाराला शिपाई कागदांचे गठ्ठे घेऊन आला. वाल्गेर्दनं मला खूण केली, पुरे. स्टेइनुननं जाहीर केलं की घड्याळ विधेयक शरद ऋतूपर्यंत पुढे ढकलण्यात येत आहे.

जिंकलो! वाल्गेर्दला मिठीच मारली. म्हणालो, बघ, शेवटी आज सकाळी वाकलेच ना?

ती म्हणाली, 'आज कुठे? सोमवारीच ठरलं. पोहण्याच्या तलावावर, गरम पाण्याच्या कुंडात, दहा मिनिटांत. पण समितीचे कागद तयार व्हायला शनिवार उजाडणार होता. तोवर सभागृह चालू ठेवायला कुणीतरी हवं होतं. बाकीच्यांना मी पोराबाळांकडे उन्हात सोडलं. तुझं काही नव्हतंच ना?'

मी म्हणालो, नव्हतं.

१२.५५. ऑडबर्गला फोन. तो म्हणाला, 'कुठली होडी रे? मी चर्चमध्ये आहे. कोट घालून बसलोय. तू कुठं आहेस?'

१.४०. रांगेतल्या बाकीच्या बिलांवर मतदान झालं. सत्तावन्न विरुद्ध शून्य. माझं मत नसतं तर छप्पन्न.

२.००. स्टेइनुन समारोपाचं भाषण करत आहेत. सर्वांना उत्तम उन्हाळा चिंतला. सगळे उभे राहिले. मीही राहिलो. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बरोबर चाललंय. एक तास मागे नेलं असतं तर अजून एकच वाजला असता.

२.२०. हस्तांदोलनं चालू असताना वाल्गेर्दनं माझं तोंड बघितलं. विचारलं, काय झालं? सांगितलं. म्हणजे फोन पुढे केला. माग्नीच्या बहिणीनं फोटो पाठवला होता. वाल्गेर्दनं तो बघितला, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. 'आज? तुझ्या मुलीचं? अरे, गाढवा, एक शब्द बोलला असतास!' तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आधी तिच्या आलं, याची मला लाज वाटली.

४.००. ओद्नीचा फोन. रागावेल असं वाटलं होतं. रागावली नाही, ते जास्त वाईट. ती म्हणाली की सोल्वेइग दाराशी दहा मिनिटं थांबली. ऑर्गन दोनदा वाजवून झाला. पाद्रीबाई घड्याळ बघायला लागल्या. मग सोल्वेइगच आत गेली, तिसऱ्या बाकावरून हुग्रूनचा हात धरून तिला उठवलं आणि म्हणाली, 'बाबांच्या जागी तू चल.' हुग्रून नाही नाही म्हणत होती. म्हणाली, त्याची जागा आहे ती, तो येईल. पण सोल्वेइगनं ऐकलं नाही. मग दोघी चालत गेल्या.

'चांगली चालली का?' मी विचारलं.

'चांगली चालली,' ओद्नी म्हणाली. 'सगळ्यांना रडू आलं. जेवताना चार शब्दही बोलली. उद्या पेपरात येईल, बेटावर तो वार्ताहर आलाय ना.' मग म्हणाली, 'तुझं जाकीट खुंटीला लावलंय. सगळी बटणं लागतात आता.'

४.३०. इमारत रिकामी. बिर्ना कॅन्टीनला कुलूप लावत होती. उरलेल्या क्लेइना पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. पुढची बोट सोमवारी.

सभागृहात एकदा डोकावून आलो. माझ्या जागेवर कुणी बसलेलं नव्हतं. कुणाच्याच जागेवर कुणी बसलेलं नव्हतं.